आम्ही टेलिफोन कचेरी पाहिली

फोन आता घरोघरी झाला आहे. शेतात आहे, बाजारात आहे, एस.टी.त आहे. गुरे राखणाऱ्या पोराच्या खिशातही आहे. आपण आकडे दाबतो, फोन कानाला लावतो, आणि पुण्याला दिलेली लेक बोलू लागते. हे इतके रोजचे झाले आहे की, त्याचे आता कोणाला नवल वाटत नाही. फोन बंद पडला म्हणजे मात्र माणूस चिडतो.

मागल्या पावसाळ्यात आमच्या गावचे फोन तीन दिवस बंद होते. आमचे गाव खोलगट जागी आहे. चहूकडे डोंगर. गावात टॉवर एकच, तोही एकाच कंपनीचा. बाकीच्यांची रेंज डोंगर ओलांडून आत येत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वस्तीवरच्या एका बाईला भाताच्या खाचरात साप चावला. घरात फोन तीन, पण लागेना एकही. शेवटी तिचा मुलगा पावसात खिंडीवर चढला. तिथे रेंज मिळाली. त्याने १०८ नंबर लावून रुग्णवाहिका बोलावली. या सगळ्यात दीड तास गेला. बाई वाचली. पण त्या दीड तासाचा घोर गावाच्या जिवाला लागून राहिला.

आमचा रात्रीचा वर्ग देवळाच्या ओवरीत भरतो. वर्गात हाच विषय निघाला. कोणी म्हणाले, कंपनी लबाड आहे. कोणी म्हणाले, टॉवरवर वीज पडली. एक आजी म्हणाल्या, "हितं बसून काय कळायचं? चला, जाऊन इचारू." सगळ्यांना ते पटले. वर्गातल्या मंडळींनीच अर्ज लिहिला. जोडाक्षरे चुकली तिथे खोडून पुन्हा लिहिली. अर्ज तालुक्याच्या टेलिफोन कचेरीत गेला. आठ दिवसांनी निरोप आला, सगळा वर्गच घेऊन या.

आम्ही एकोणीस जण गेलो. अकरा बाया आणि आठ पुरुष.

हेच का ते?

कचेरी पाहून मंडळींची थोडी निराशाच झाली. मोठमोठी चाके फिरत असतील, ठिणग्या उडत असतील, असे काहीसे मनात होते. प्रत्यक्षात एक थंडगार खोली. तिच्यात लोखंडी कपाटे. कपाटांत हिरवे दिवे लुकलुकत होते. पंख्यांची घरघर सोडली तर आवाज नाही. कपाटांतून पिवळ्या दोऱ्या निघालेल्या. शेवयांचा गुंता असावा तशा.

"एवढ्यात सगळा तालुका बोलतो व्हय?" एका मामांनी विचारले.

तिथल्या इंजिनियर बाई तरुण होत्या, खेड्यातूनच शिकून आलेल्या. त्या हसल्या. म्हणाल्या, "मामा, तालुका बोलतो, भांडतो आणि सिनेमाही बघतो. सगळं याच्यातूनच जातं."

शेजारच्या खोलीत बॅटऱ्यांच्या रांगा होत्या. वीज गेली की यंत्रे या बॅटऱ्यांवर चालतात. बॅटऱ्या उतरू लागल्या की बाहेरचे डिझेलचे इंजिन सुरू करतात. टॉवरच्या बुडाशीही अशाच बॅटऱ्या असतात. वीज बराच वेळ गेली की त्या संपतात, आणि मग टॉवर गप्प होतो. आपल्याकडे रेंज जाण्याचे हे एक नेहमीचे कारण.

जुना काळा फोन

कोपऱ्यात टेबलावर एक जुना काळा फोन ठेवला होता. भोकांच्या तबकडीचा. आजींनी तो लगेच ओळखला. "आमच्या पोष्टात असा होता," म्हणाल्या.

१८७६ साली अमेरिकेत अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनचे पेटंट घेतले. पेटंट म्हणजे नव्या शोधावरचा सरकारमान्य हक्क. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८८२ साली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. एक्स्चेंज म्हणजे तारा जोडून देण्याची जागा. प्रत्येकाच्या घरून तांब्याच्या दोन तारा तिथे येत. तिथे माणसे बसलेली असत. तुम्ही फोन उचलला की ती विचारत, कोणता नंबर हवा? मग हाताने तार खोचून तुमची तार त्या घराच्या तारेला जोडून देत. परगावी बोलायचे तर आधी नाव नोंदवायचे आणि वाट बघत बसायचे. त्याला ट्रंक कॉल म्हणत. कधी तासन्‌तास जात. घाई असेल तर जास्त पैसे.

या फोनची एक गोष्ट चांगली होती. त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून तारेवाटेच येई. घरात अंधार असला तरी फोन चाले.

माणसाने तार जोडण्याऐवजी यंत्राने जोडावी, हे प्रथम कोणाला सुचले? गोष्ट मजेची आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे अल्मन स्ट्रॉजर नावाचे गृहस्थ होते. त्यांचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. गावात त्यांच्याच धंद्यातला दुसरा एक जण होता. त्याची बायको एक्स्चेंजमध्ये तारा जोडायला होती. लोकांनी स्ट्रॉजर यांना फोन मागितला की ती आपल्या नवऱ्याकडे जोडून देई, असे सांगतात. ही सांगोवांगीची गोष्ट झाली. पण स्ट्रॉजर यांनी आपोआप जोडणारे यंत्र काढले आणि १८९१ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले, हे मात्र पक्के. तबकडी फिरवायची, तिच्या ठोक्यांनी यंत्रातला दांडा वर सरकायचा, वळायचा आणि बरोबर तारेला जाऊन चिकटायचा.

"म्हंजे एकाच्या गिऱ्हाइकापायी साऱ्या दुनियेची सोय झाली!" मामा म्हणाले.

आपल्या देशात परगावचा नंबर स्वतःच फिरवण्याची सोय पहिल्याने लखनौ आणि कानपूर या शहरांमध्ये झाली. ते साल १९६०. खेड्यांपर्यंत हे यायला आणखी पुष्कळ वर्षे लागली. परदेशी यंत्रे महाग असत. त्यांना थंड खोली लागे, धूळ चालत नसे. खेड्यात तर धूळ भरपूर आणि विजेचा भरवसा नाही. म्हणून सरकारने १९८४ साली सी-डॉट नावाची संस्था काढली. सॅम पित्रोदा यांचा त्यात पुढाकार होता. तिथल्या तरुण इंजिनियरांनी खेड्यांसाठी लहान एक्स्चेंज तयार केले. उन्हाळा सोसणारे, थंड खोली न मागणारे, १२८ तारांचे. त्यातले पहिले १९८६ साली कर्नाटकात कित्तूर येथे बसले. राणी चन्नम्मांचे कित्तूर ते हेच. पुढे गावोगाव एस.टी.डी.ची पिवळी पाटी लागली, त्याला या लहान यंत्राचा मोठा हातभार आहे. आम्हाला वाटते, या कामाची आठवण आपण ठेवली नाही तेवढी ठेवायला हवी.

मोबाईलचा पहिला फोन आपल्या देशात ३१ जुलै १९९५ रोजी झाला. बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीला मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या वेळी आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत. म्हणून लोक फोन वाजला की नंबर बघून ठेवून देत!

आवाजाची रांगोळी

आता मुख्य प्रश्न. आवाज जातो कसा?

आपण बोलतो तेव्हा हवा थरथरते. ढोलावर हात ठेवून कोणी बोलले तर चामडे थरथरलेले हाताला कळते. फोनमध्ये असाच एक नाजूक पडदा असतो. तो थरथरला की विजेचा प्रवाह कमीजास्त होतो. पूर्वी हा कमीजास्त प्रवाहच तांब्याच्या तारेतून पुढे जाई. तार लांब झाली की तो क्षीण होई, त्यात खरखर मिसळे. म्हणून त्या काळी लांबचा फोन आला की लोक ओरडून बोलत. काही जण अजून ओरडतात, पण आता त्याची गरज नाही.

आता आवाजाचे आकडे करतात. हे कसे, ते बाईंनी रांगोळीवरून सांगितले.

"ठिपक्यांची रांगोळी काढता ना? आधी काय काढता?"

"ठिपके," सगळ्या बाया एकदम म्हणाल्या.

"ठिपके ठरलेल्या अंतरावर असले, म्हणजे चित्र कोणीही पुन्हा काढू शकतं. तुम्ही मला फोनवर सांगितलंत, पहिला ठिपका इतक्या उंचीवर, दुसरा तितक्या, तर मी इथं बसून तुमची रांगोळी काढीन. रांगोळीची पूड पाठवायला नको."

आवाजाचेही तसेच करतात. आवाजाचा चढउतार यंत्र एका सेकंदात ८००० वेळा मोजते. प्रत्येक वेळी त्याची उंची लिहून ठेवते. उंचीच्या पायऱ्या २५६. हा टेलिफोनचा जुना ठरलेला हिशेब आहे. मोबाईलमध्ये या आकड्यांची आणखी घडी घालून त्यांना लहान करतात. पलीकडे पोचल्यावर त्या आकड्यांवरून आवाज पुन्हा उभा करतात. आकडा वाटेत क्षीण होत नाही. एकाचा दोन होत नाही. म्हणून दिल्लीचा फोनही शेजारच्या घरासारखा स्वच्छ ऐकू येतो.

हे आकडे यंत्राला समजतात ते दोनच खुणांत. हो आणि नाही. दिवा लावला, दिवा विझवला. आठ खुणा एकापुढे एक मांडल्या की एक पायरी झाली.

"आमी एवढा पाढा शिकलो, आन यंत्राला दोनच आकडे!" एक ताई म्हणाल्या, आणि खोलीत हशा पिकला.

मोबाईल कोणाला शोधतो, कसा शोधतो

पुष्कळांची समजूत असते की, एका मोबाईलमधून आवाज निघतो आणि हवेतून थेट दुसऱ्या मोबाईलमध्ये जातो. तसे नाही. मोबाईल फक्त आपल्या टॉवरशी बोलतो. टॉवर पुढे मोठ्या केंद्राशी बोलतो. ते केंद्र तालुक्यालाही नसते, मोठ्या शहरात असते. आम्ही खोलीतल्या खोलीत एकमेकांना फोन लावून पाहिला. चार हातांवर बसलेल्या माणसाचा आवाज त्या शहरात जाऊन परत आला होता.

मग मुंबईच्या माणसाला तुम्ही कुठे आहात हे कळते कसे? तुम्ही घरी असाल, शेतात असाल, पंढरीच्या वारीत असाल. फोन तरी वाजतोच.

फोन चालू असला की तो मधूनमधून टॉवरला सांगत असतो, मी इथे आहे. तुम्ही काही न करता तो हे करतो. वारीत तुम्ही पुढे चालत जाता, फोन एका टॉवरच्या शिवारातून दुसऱ्याच्या शिवारात जातो, तशी केंद्रातली नोंद बदलते. तलाठी दप्तरात फेरफार लिहितो तसे समजा. कोणी तुम्हाला फोन केला की केंद्र ही नोंद बघते आणि त्या भागातल्या टॉवरांना सांगते, दवंडी द्या. सगळे टॉवर तुमच्या नंबराची दवंडी देतात. तिथल्या हजारो फोनांना ती ऐकू जाते, पण ओ देतो तुमचाच फोन. मग घंटी वाजते. एवढे सगळे दोनचार सेकंदांत होते.

दवंडीला उत्तर आले नाही, तर पलीकडच्याला बाई सांगते, संपर्क क्षेत्राबाहेर आहे. मग "फोन बंद आहे" असे ती कधी सांगते? आपण बटण दाबून फोन बंद करतो, तेव्हा तो जाताजाता टॉवरला सांगून जातो की, मी निजतो. म्हणून केंद्राला कळते.

टॉवर लांब असला की फोनला मोठ्याने ओरडावे लागते. म्हणून रेंज कमी असलेल्या जागी बॅटरी लवकर उतरते. हे सर्वांनी अनुभवले आहे, पण कारण त्या दिवशी कळले.

टॉवरच्या लहरींनी माणसाला अपाय होतो का, असे एका काकांनी विचारले. बाई म्हणाल्या, या लहरी रेडिओच्या लहरींच्या जातीच्या आहेत. एक्स-रे वेगळा, त्याचा जोर फार मोठा. टॉवरच्या लहरींवर पुष्कळ तपास झाला आहे, अजूनही चालू आहे. त्यांनी अपाय होतो असे आजवर सिद्ध झालेले नाही. तरी सावधगिरी म्हणून आपल्या सरकारने २०१२ सालापासून टॉवरची मर्यादा जगात साधारण मानतात तिच्या दहाव्या हिश्शावर आणली आहे. काकांचे पूर्ण समाधान झाले असे दिसले नाही. पण त्यांनी मान हलवली.

काचेची तार

टॉवरपासून पुढे आवाज कशातून जातो? काही ठिकाणी टॉवरवरच्या ढोलासारख्या तबकडीतून समोरच्या डोंगरावरच्या तबकडीकडे जातो. मध्ये आड काही असता कामा नये. पण बहुतेक मोठी वाहतूक जमिनीखालून, काचेच्या तारेतून होते. आमच्या गावचा टॉवर असाच काचेच्या तारेवर आहे.

बाईंनी एक तार सोलून दाखवली. वर काळे जाड आवरण. आत नळ्या. नळीत रंगीत धागे. धाग्यावरचा रंग काढला तर आत केसाएवढी काच. आजींना ती दिसेना, म्हणून त्यांनी बोटाने चाचपायचे म्हटले. बाईंनी हात धरला. "नको आजी, बोटात मोडली तर काढता यायची नाही."

या काचेतून उजेड जातो. लागला, विझला, लागला, विझला. एका सेकंदात कोट्यवधी वेळा. वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही. तार चालू असताना टोकाशी डोळा नेऊ नये, डोळ्याला इजा होते.

पण काच तर आरपार असते. मग उजेड बाजूने बाहेर का पडत नाही?

तुमच्यापैकी जे विहिरीत पोहले आहेत, त्यांना हे लवकर कळेल. पाण्यात बुडी मारा आणि आतून तिरपे वर बघा. पाण्याची वरची बाजू आरशासारखी चकाकते. बाहेरचे काही दिसत नाही. पाण्यातला उजेड फार तिरपा गेला की बाहेर पडू शकत नाही, आतच परततो. काचेच्या तारेत एका काचेभोवती दुसऱ्या प्रकारची काच असते. आतला उजेड दोन काचांच्या सांध्यावर तिरपा आपटतो आणि परत आत येतो. तार वळली तरी तो तिच्याबरोबर वळतो.

पंजाबात मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या धाग्यांतून उजेड नेण्यावर सुरुवातीचे मोठे काम केले. पण त्या वेळची काच गढूळ होती. थोड्या अंतरात उजेड संपे. चार्ल्स काओ यांनी १९६६ साली दाखवून दिले की, दोष काचेतल्या मळाचा आहे. काच शुद्ध करा, उजेड मैलोगणती जाईल. पुढे तसेच झाले. आता एक किलोमीटर गेल्यावरही शंभर भागांतले पंचाण्णव भाग उजेड शिल्लक राहतो. काओ यांना याबद्दल २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तीन दिवस का लागले?

आता आमचा मूळ प्रश्न. आजींनीच तो विचारला. "बाई, तुमची काच येवढी चांगली, तर आमचा फोन तीन दिस मेला कशानं?"

बाई गप्प झाल्या. मग त्यांनी कपाटातून एक हातभर तुकडा काढून टेबलावर ठेवला. काळी केबल, टोकाला चिरडलेली, चिखल अजून तसाच.

"ही तुमच्याच गावची," त्या म्हणाल्या.

झाले होते असे. पाण्याच्या पाइपासाठी रस्त्याकडेने चर खणत होते. जेसीबीच्या दाताला केबल लागली आणि तुटली. खणणाऱ्याला ती जुनी निकामी तार वाटली असावी. त्याने माती लोटली आणि पुढे गेला. कोणाला कळवले नाही.

तार कुठे तुटली हे शोधायचे यंत्र आम्हाला दाखवले. ते तारेत उजेडाचा एक ठोका सोडते. तुटल्या जागेवरून थोडा उजेड परत येतो. घाटात आरोळी दिली की ती समोरच्या कड्यावरून परत येते, तसा. परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघते. दहा मिनिटांत कळले, चौथ्या किलोमीटरच्या पुढे. पण जागेवर गेल्यावर काय? चर बुजवलेला, वर पाणी, पाऊस थांबेना. केबल कुठून गेली हे दाखवणारा खुणेचा दगड आडवा होऊन झुडपात पडलेला. उकरायला दीड दिवस गेला.

आणि मग जोडायचे काम. तांब्याची तार पिळून जोडता येते. काच पिळता येत नाही. धाग्याचा रंग काढायचा, स्पिरिटने पुसायचा, टोक अगदी सरळ कापायचे. मग यंत्रात दोन टोके समोरासमोर आणायची. विजेची बारीक ठिणगी पडते, काच वितळते आणि एकजीव होते. असे एकेक करून चोवीस धागे. धुळीचा कण मध्ये आला तर पुन्हा पहिल्यापासून. हे काम लाईनमनने गाडीच्या मागे ताडपत्री बांधून, पावसात केले होते. तो तिथेच उभा होता. आमच्यातल्या एका मामांनी पुढे होऊन त्याच्या हाताला हात लावला.

पण एवढ्यावर आमचे समाधान झाले नाही. आम्ही विचारले, तालुक्याच्या गावात कधी तार तुटत नाही का? तुटते, बाई म्हणाल्या. पण तिथे तार वर्तुळात नेलेली आहे. एका बाजूने तुटली तर आवाज दुसऱ्या बाजूने फिरून येतो. कोणाला पत्ता लागत नाही. आमच्या गावाला एकच वाट आहे. ती तुटली की संपले. दुसरी वाट घालायला खर्च येतो, आणि गाव लहान, म्हणून ते मागे राहिले.

हे त्यांनी लपवले नाही, हे आम्हाला आवडले. पण कारण पटले नाही. साप लहान गाव, मोठे गाव बघत नाही. दुसऱ्या वाटेसाठी ग्रामपंचायतीचा ठराव करून पाठवायचे आम्ही तिथेच ठरवले. खुणेचे दगड पुन्हा उभे करण्याचे काम कंपनीने आपल्याकडे घेतले. खणण्याआधी कळवण्यासाठी सरकारने २०२३ साली मोबाईलवर एक सोय सुरू केली आहे. तिचे नाव "कॉल बिफोर यू डिग". खणणाऱ्याने आधी जागा कळवली की, तिथे ज्याची तार असेल त्याला खबर जाते. आमच्या गावातल्या दोन्ही जेसीबीवाल्यांना हे माहीत नव्हते. आता आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या कंपनीची रेंज नसली, पण दुसऱ्या कुठल्या कंपनीची असली, तर ११२ हा नंबर लागतो. पोलीस, आग, दवाखाना, सगळ्यांसाठी हा एकच नंबर आहे. पैसे संपलेले असले तरी लागतो.

समुद्राखालून

एका ताईंचा मुलगा आखातात कामाला आहे. त्यांनी विचारले, त्याचा आवाज वरून येतो की खालून?

पूर्वी वरून येई. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ आर्वी येथे १९७१ साली एक प्रचंड तबकडी उभारली. ती आकाशातल्या उपग्रहाशी बोले. उपग्रह ३६,००० किलोमीटर उंच. आवाज तिथे जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद जाई. म्हणून बोलताना दोघांचे शब्द एकमेकांवर आदळत.

आता तो बहुतेक खालून येतो. मुंबईच्या किनाऱ्यावर, वर्सोव्याच्या बाजूला, समुद्रातल्या केबली जमिनीवर चढतात. तिथून त्या आखाताकडे आणि पुढे युरोपाकडे गेल्या आहेत. खोल समुद्रातली केबल बागेत पाणी घालायच्या नळीएवढीच जाड असते. किनाऱ्याजवळ मात्र तिला पोलादाच्या तारांचे जाड कवच घालतात, कारण तिथे नांगर पडतात. आखातापासून मुंबईपर्यंत उजेड एका सेकंदाच्या सुमारे शंभराव्या हिश्शात येतो.

तीही तुटते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबली तुटल्या, आणि इकडे आपल्या देशातले इंटरनेट मंदावले. मुंबईतल्या मोठ्या कचेऱ्यांचीही तेव्हा आमच्या गावासारखीच गत झाली होती. फक्त त्यांच्याजवळ दुसऱ्या वाटा होत्या.

फोनवरचे चोर

निघायच्या आधी एका दादांनी आपले गाऱ्हाणे काढले. त्यांना फोन आला होता. "बँकेतून बोलतो, तुमचे कार्ड बंद होणार आहे, आलेले सहा आकडे सांगा." त्यांनी सांगितले. खात्यातले कांद्याचे पैसे गेले. दादा म्हणाले, "फोन तुमच्या तारेतून आला, मग चोर तुम्हाला घावत कसा नाही?"

बाई म्हणाल्या, चोर दुसऱ्याच्या नावावरचे सिमकार्ड वापरतो. कधी फोनवर दिसणारा नंबरही खोटा असतो. तार फक्त आवाज नेते, बोलणारा खरा की खोटा हे तारेला कळत नाही. ते सहा आकडे म्हणजे तुमच्या कुलपाची किल्ली. बँक ती मागत नाही, पोलीस मागत नाहीत, कंपनीही मागत नाही. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० या नंबरावर सांगायचे आणि बँकेलाही कळवायचे. लवकर कळवले तर पैसे वाटेत अडवता येतात. चार दिवसांनी कळवले तर ते अवघड होते. दादांनी पंधरा दिवसांनी कळवले होते. ते काही बोलले नाहीत.

आपले सिमकार्डही दुसऱ्याला देऊ नये, आणि आपल्या आधारावर दुसऱ्यासाठी घेऊ नये. चोरी त्याने केली तरी पोलीस येतात ते आपल्या दारी.

पंधरा आकडे

मग बाईंनी सगळ्यांना वह्या काढायला सांगितल्या. प्रत्येक फोनला कारखान्यातच एक नंबर दिलेला असतो. गाडीला चेसिस नंबर असतो तसा. तो पंधरा आकडी असतो. सिमकार्ड बदलले तरी तो बदलत नाही. फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देऊन, या नंबरावरून तो फोन देशभर बंद करवता येतो. सरकारची संचार साथी नावाची सोय २०२३ साली सुरू झाली, तिच्यात हे होते. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, तेही तिथे कळते. पण फोन हातात आहे तोवरच नंबर लिहून ठेवला पाहिजे. फोन गेल्यावर तो कुठून बघणार?

नंबर पाहायची रीत सोपी आहे. फोन लावतो तसे *#०६# दाबायचे. म्हणजे आधी चांदणी, मग जाळी, मग शून्य, सहा आणि पुन्हा जाळी. हिरवे बटण दाबावे लागत नाही. पंधरा आकडे आपोआप दिसतात. दोन सिमांच्या फोनात असे दोन नंबर दिसतात, दोन्ही लिहावे.

एकोणीस जण खाली माना घालून लिहू लागले. आजींचा फोन साधा, बटणांचा. आकडे बारीक होते. शेजारची ताई म्हणाली, "द्या आजी, मी लिहिते." आजींनी वही आपल्याकडे ओढून घेतली. एकेक आकडा मोठ्याने म्हणत त्यांनी तो उतरवला. मग बोट ठेवून मोजले. चौदाच भरले. पुन्हा पहिल्यापासून पाहिले, तर मधला एक शून्य राहिला होता. तो त्यांनी दोन आकड्यांच्या मध्ये, वरच्या बाजूला, बारीक करून बसवला.